ब्रेक चाक अडवतो, गाडी अडवतो तो रस्ता

प्रश्न विचारणारे गोव्यातल्या फोंड्याचे तरुण आहेत, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जूनच्या पहिल्या पावसात सकाळी स्कूटरवरून निघालो. बोरीच्या पुलाकडे उतरताना एका वळणावर समोर गाय आली, ब्रेक दाबला आणि काही कळायच्या आत आडवा झालो. वेग चाळीसच्या आसपास. कोपर-गुडघा सोलवटण्यावर निभावलं. टायर आदल्या संध्याकाळीच नवे घातलेले, ब्रेकही तेव्हाच करून घेतलेले. मग घसरलो कसा? घर्षण गतीला विरोध करतं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते कमी असतं, असं शाळेत शिकलो. ते इथे कसं लावायचं? आणि रुंद टायर घालून घेतले तर फरक पडेल का?

सोलवटण्यावर निभावलं ना, मग बाकीचं निवांत बोलू. मी आधी काही वर्षं आयटीआयमध्ये पोरांना शिकवलं आणि नंतर तीस वर्षं फोंड्यात गॅरेज चालवलं. दर जूनमध्ये पहिली सर पडली की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात ठरलेली रांग लागायची: वाकलेलं हँडल, तुटलेला आरसा, टोकाला घासून चकचकीत झालेला ब्रेकचा लिव्हर. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘ब्रेकच लागला नाही हो.’ मी चाक फिरवून बघायचो. ब्रेक ठणठणीत असायचा. लागला नव्हता असं नाही, चांगला कचकचून लागला होता. घोटाळा तिथेच होता.

स्कूटर मधल्या स्टँडवर घ्या. मागचं चाक जोरात फिरवा आणि ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबतं आणि स्कूटर होती तिथेच असते. म्हणजे ब्रेकचं काम चाकाशी, गाडीशी नाही. ब्रेक शू आणि ड्रम, दोन्ही गाडीचेच भाग. त्यांनी एकमेकांना कितीही आवळलं तरी बाहेरच्या कोणी धरल्याशिवाय गाडी थांबायची नाही. ट्रकच्या हौद्यात उभं राहून आतून ट्रक ढकलता येत नाही, तसंच हे. गाडीला बाहेरून हात लावणारा एकच जण आहे, तो म्हणजे रस्ता. आणि त्याचा हात गाडीला लागतो तो दोन टायरांखालच्या, प्रत्येकी तळहाताहूनही लहान अशा दोन ठिपक्यांत. वेग वाढवणं, कमी करणं, वळणं ही सगळी कामं त्या दोन ठिपक्यांतून होतात.

आता शाळेतल्या वाक्याकडे वळू. ‘घर्षण गतीला विरोध करतं’ हे अर्धंच खरं आहे. घर्षण विरोध करतं ते एका पृष्ठभागाने दुसऱ्यावरून घसरण्याला. तुम्ही चालता तेव्हा पाऊल जमिनीला मागे रेटत असतं, म्हणजे घसरलं तर ते मागे घसरेल. जमीन त्याला घसरू देत नाही, म्हणून ती तुम्हाला पुढे ढकलते. इथे घर्षण गतीच्या दिशेनेच काम करतं. शेवाळलेल्या अंगणात आपण पावलं लहान का टाकतो? मागे रेटायचं प्रमाण कमी ठेवायचं असतं म्हणून. माडावर चढणारा पाडेली पायात दोरी अडकवून खोडाला आवळतो, तोही घर्षणाच्याच जिवावर वर जातो. घर्षण नसतं तर त्याला चढताही आलं नसतं आणि उतरताही. नुसता खाली आला असता.

चाकाचं तर त्याहून मजेशीर आहे. फिरणारं चाक रस्त्यावर घासत जातं असं वाटतं, पण ते घासत नाही, पावलं टाकतं. टायरचा जो भाग या क्षणी जमिनीला टेकला आहे तो त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो. मग तो उचलला जातो आणि पुढचा टेकतो. खात्री करायची असेल तर डबक्यातून गाडी हळू काढून कोरड्या डांबरावर आणा आणि मागे वळून ठसा बघा. नक्षी स्वच्छ उमटलेली असते, शिक्का मारल्यासारखी. टायर घासत गेला असता तर ती पुसून फराटा झाला असता. आणि चाक जाम झाल्यावर रस्त्यावर राहतो तो नेमका फराटाच, काळा.

ठसा आणि फराटा यांत सगळं भौतिकशास्त्र आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर स्थिर असताना जी पकड मिळते, ती घसरायला लागल्यावर कमी होते. घरातलं लोखंडी कपाट सरकवताना पहिला रेटा मोठा लागतो आणि एकदा हललं की बरं जातं. टायरचं गणित जरा वेगळं, रबर थोडं ताणलं-सरकलं की पकड सगळ्यात जास्त असते. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा दहा-वीस टक्के मागे पडला की कमाल गाठली जाते, त्यापुढे ती उतरत जाते. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. तिचं काम एवढंच, चाक त्या कमाल जागेच्या पुढे जाऊ लागलं की ब्रेक क्षणभर सैल करायचा, पुन्हा आवळायचा, सेकंदात अनेकदा.

जाम झालेल्या चाकाचा दुसरा दोष जास्त वाईट. घसरणाऱ्या वस्तूवर घर्षण एकाच दिशेने लागतं, घसरण्याच्या बरोबर उलट. मग हँडल डावीकडे वळवा की उजवीकडे, त्याला काही अर्थ उरत नाही. फिरणारं चाक आडवा जोर घेऊ शकतं, म्हणून दुचाकी वळते आणि वळते म्हणून उभी राहते. पुढचं चाक जाम झालं की तोल सावरायचं साधनच हातातून जातं. ‘काही कळायच्या आत आडवा झालो’ असं तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. कळायला वेळच मिळत नाही.

आता थोडे आकडे. कोरड्या चांगल्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक साधारण ०.७ धरतात. म्हणजे टायरवर जेवढं वजन आहे त्याच्या सत्तर टक्के एवढा आडवा जोर रस्ता देऊ शकतो. ओल्या रस्त्यावर तोच ०.४ च्या आसपास येतो. पहिल्या सरीच्या चिकट थरावर मी हिशेबाला ०.२ धरतो. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि गुणांकाच्या उलट प्रमाणात. ताशी ४० किलोमीटरला कोरड्यावर ९ मीटर, ओल्यावर १६, त्या चिकट थरावर ३१. ताशी ६० ला हेच आकडे २०, ३५ आणि ७१ मीटर होतात. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं. गाय दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ४० च्या वेगाला आणखी ११ मीटर संपलेले असतात. या हिशेबात गाडीचं वजन कुठेच येत नाही, हे बहुतेकांना पटत नाही. वजन दुप्पट तर थांबवायला जोर दुप्पट लागतो, पण पकडही दुप्पट मिळते, फिट्टंफाट. लादलेला ट्रक उशिरा थांबतो त्याची कारणं निराळी आहेत, त्याकडे पुढे येतो.

पण तुम्ही सरळ रस्त्यावर नव्हता, वळणावर होता, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

टायरच्या त्या ठिपक्याकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते. ती ब्रेकला खर्च करा, वळायला खर्च करा, नाहीतर दोघांत वाटा. उधारी मिळत नाही. त्या वळणाची त्रिज्या मी मोजलेली नाही, समजा २५ मीटर आहे. ताशी ४० ने तिथून वळायला फक्त वळण्यासाठीच गुणांक ०.५ लागतो. कोरड्या रस्त्यावर पुंजी ०.७ ची, त्यामुळे वळूनही ब्रेकसाठी थोडं शिल्लक राहतं. रोज तुम्ही तसेच जात होता आणि काही होत नव्हतं. ओल्यावर पुंजी ०.४ ची आणि मागणी ०.५ ची. म्हणजे ब्रेकला हात न लावताही तिथे तुम्ही घसरण्याच्या बेतात होता. वळण माझ्या अंदाजापेक्षा मोकळं असेल तर थोडं हातात राहिलं असेल, ते ब्रेकने खाल्लं. आता तेच वळण ताशी ३० ने घ्या. मागणी ०.२८ वर येते. वेग पाऊण केला तर मागणी जवळजवळ निम्मी होते. पावसात वेग दहाने कमी करा असं आम्ही म्हणतो तेव्हा लोकांना ते आजोबांचं बोलणं वाटतं, पण त्यामागे हा वर्ग बसलेला आहे.

वळणावर काही आडवं आलंच तर? शक्य तेवढी गाडी आधी सरळ उभी करायची, मग ब्रेक. पाव सेकंद सरळ करण्यात गेला तरी चालेल. आणि ब्रेक दोन्ही, पण पिळत न्यायचे, झटका नाही. पुढचा ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, पुढचा टायर दबतो आणि त्याची पकड वाढते. स्कूटरवर एक माणूस बसलेला असताना कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर जवळपास ऐंशी टक्के भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होऊन सहज जाम होतं. ओल्यावर मुळात तेवढा जोराचा ब्रेक लागतच नाही, त्यामुळे भार तितका सरकत नाही आणि मागच्या ब्रेकलाही बऱ्यापैकी काम राहतं. झटक्याने पुढचा ब्रेक दाबला तर भार पुढे यायच्या आधीच चाक जाम होतं. ‘पावसात पुढचा ब्रेक लावूच नये’ हा सल्ला यातूनच आला असावा. तो चूक आहे. २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना किमान सीबीएस, म्हणजे डावा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. सीबीएस दोन चाकांत ब्रेकची वाटणी करून देतं, चाक जाम होणं थांबवत नाही. ‘माझ्या स्कूटरला सिस्टिम आहे’ म्हणणारे यातच फसतात.

आता पहिला पाऊस. जुलैत धो धो पडत असताना रस्ता पाण्याने न्हालेला असतो, तरी जूनच्या पहिल्या सरीइतका घसरडा नसतो. कारण आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत रस्ता धुतलाच जात नाही. सात-आठ महिने त्यावर टायरची झिजलेली रबराची भुकटी, डिझेल, इंजिनातून ठिबकलेलं तेल आणि आपली लाल माती साचत जाते. उसगाव-तिस्कच्या बाजूला खनिजाचे ट्रक चालायचे त्या काळात, म्हणजे २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी, ती धूळ निराळीच असायची. रस्त्याकडेची झाडंसुद्धा तांबडी. कोरडं असताना हे सगळं डांबराच्या खाचांत बसून राहतं. त्यावर नुसती भुरभुर पडली की ते भिजून वर येतं. धड चिखल नाही, धड पाणी नाही, दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर. पाऊस तासभर जोराने कोसळला तर तो वाहून जातो. म्हणून सर सुरू झाल्यानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात वाईट. कोणाच्या पडवीत उभं राहता आलं तर राहावं. हा थर सगळीकडे सारखा नसतो: उतारावर, वळणावर, गतिरोधकाच्या आधी, जिथे जिथे गाड्या ब्रेक मारतात किंवा जोर लावतात, तिथे तेल आणि रबर जास्त. त्यात त्याच दिवसांत रस्त्यावर जांभळांचा सडा. जांभळीखालच्या वळणाला मी अजूनही गिअर उतरवून जातो.

फेरीबोटीने जात असाल तर तिच्या लोखंडी फाळक्याचंही, म्हणजे गाडी चढवायच्या उतरत्या फळीचंही, लक्षात ठेवा. एकदा चोडणच्या धक्क्यावर मी उभा होतो. भरती होती, फाळका ओला, त्यावर चिखलाची पावलं. एक पायलट, म्हणजे आपला पिवळ्या मडगार्डचा मोटरसायकल टॅक्सीवाला, मागे माशांची पाटी घेतलेल्या बाईला बसवून चढला. त्याने क्लच धरला नाही, ब्रेकला बोट लावलं नाही, हँडल सरळ. एका लयीत वर गेला आणि डेकवर पोचल्यावरच थांबला. त्याच्या मागचा भाड्याच्या स्कूटरवाला फाळक्याच्या मधोमध थांबला आणि पाय टेकायला गेला. पायही घसरला, स्कूटरही. लोखंडावर टायरला धरायला खडबडीतपणा नसतो. रस्त्यावर मारलेले जाड पांढरे पट्टे, पुलावरच्या सांध्यांच्या पोलादी पट्ट्या, गटारांची झाकणं यांचंही तेच.

इथे तुमचा ‘गुळगुळीत म्हणजे कमी घर्षण’ हा मुद्दा येतो. आयटीआयच्या कपाटात स्लिप गेजचा डबा असायचा. आरशासारखे पॉलिश केलेले पोलादाचे चौकोनी ठोकळे. दोन ठोकळे पुसून एकमेकांवर दाबून फिरवले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही उचलला जातो. ना गोंद, ना चुंबक. पोरांना मी पहिल्याच दिवशी हे करून दाखवायचो आणि विचारायचो, आता सांगा गुळगुळीतावर काय होतं? घर्षण म्हणजे नुसती खाचांत खाच अडकणं नव्हे. कोणतेही दोन पृष्ठभाग खऱ्या अर्थाने टेकतात ते फार थोड्या ठिकाणी, उंचवट्यांच्या टोकांवर. तिथे पदार्थ पदार्थाला चिकटतो आणि घसरायचं तर ते चिकटलेले बिंदू तोडावे लागतात. रबर आणखी एक गोष्ट करतं. ते खडीच्या दाण्याभोवती दबतं, आणि सुटताना लगेच पूर्ववत होत नाही, रेंगाळतं. त्यातून अडवणूक होते. रस्ता ओला झाला की चिकटण्याचा भाग बराच जातो, कारण मध्ये पाणी येतं. पण खडीला मिठी मारण्याचा भाग राहतो. म्हणून पावसात खडबडीत डांबर बरं आणि गुळगुळीत झालेलं, वर डांबर पाझरून चकाकणारा रस्ता वाईट. कोरड्यात याच दोन रस्त्यांतला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

आता रुंद टायर. फ्रान्सचे गिओम आमोंतों यांनी १६९९ मध्ये दोन नियम मांडले: घर्षण दाबाच्या जोराच्या प्रमाणात असतं, आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत हे दोनशे वर्षं आधीच लिहिलेलं होतं, पण वह्या छापल्या गेल्या नाहीत. वीट पालथी ओढा की कडेवर उभी करून ओढा, जोर तेवढाच लागतो, कारण क्षेत्र निम्मं झालं तर प्रत्येक बिंदूवरचा दाब दुप्पट होतो. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, त्यामुळे रुंद टायरचा कोरड्या रस्त्यावर थोडाफार फायदा होतो. पण ओल्यावर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. शिवाय कंपनीने दिलेल्या रिमवर रुंद टायर कोंबला की त्याचा आकार बिघडतो आणि स्कूटर वळताना जड लागते. पैसे वाचवा. त्याच पैशांत चांगल्या रबराचा, मूळ मापाचा टायर येतो.

टायरवरची नक्षी पकड देते हाही एक गैरसमज. नक्षी पाण्याला पळून जायला वाट देते, बस. कोरड्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या बिननक्षीच्या टायरवर धावतात ते यासाठीच. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं ते दाखवतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदला, जून बघायला थांबू नका. हवा कंपनीने सांगितली तेवढीच. पावसात हवा कमी करणारे लोक मी पाहिलेत. त्याने खाचा दबून बंद होतात आणि पाणी अडकतं. हवा कमी करणं वाळूत कामाला येतं, कारण तिथे प्रश्न घसरण्यापेक्षा रुतण्याचा असतो. अर्थात आपल्या किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. तरी दर मोसमात कोणीतरी भाड्याची जीप मोरजी-हणजुणेच्या वाळूत रुतवून बसतोच.

घर्षणाची दुसरी बाजू म्हणजे उष्णता. तुमची स्कूटर आणि तुम्ही मिळून १८० किलो धरा. ६० च्या वेगाला त्यातली ऊर्जा २५ किलोज्यूल. थांबताना ती सगळी ड्रममध्ये आणि टायरखाली उष्णता होऊन जाते. क्षुल्लक आहे, ड्रम कोमट होतो. आता २५ टनांचा ट्रक अनमोडचा घाट उतरतोय असं समजा. ५०० मीटर खाली यायला त्याला सुमारे १२ कोटी ज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. तेवढ्यात ४०० लीटर गार पाण्याला उकळी येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये घातली तर लायनर तापून त्याची पकडच जाते. पॅडल नेहमीसारखं दाबलं जातं आणि काही होत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला काम करू द्यायचं. घाटात ट्रकच्या चाकातून जळकट वास आला तर त्याच्या पुढे राहू नका, एवढं मात्र नक्की. लादलेला ट्रक उशिरा थांबतो तो ब्रेकच्या अशा मर्यादांमुळे, त्याच्या टायरच्या कडक रबरामुळे आणि हवेच्या ब्रेकला भरायला लागणाऱ्या क्षणामुळे.

ब्रेकच्या घर्षणाचा माझा स्वतःचा धडा सांगतो. डिस्क ब्रेकच्या मोटरसायकली आपल्याकडे नव्याने येऊ लागल्या होत्या. एका गिऱ्हाईकाची गाडी धुऊन, चेन तेलवून झाली, आणि चेन पुसलेल्या त्याच फडक्याने मी डिस्कही पुसली, चकचकीत दिसावी म्हणून. ट्रायलला स्वतःच बसलो. गॅरेजच्या फाटकाशी ब्रेक दाबला, लिव्हर कडक, आणि गाडी तशीच पुढे समोरच्या चिऱ्यांच्या कंपाउंडला. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ थर होता तो. डिस्क पेट्रोलने पुसली तरी पॅड तेल प्यायलेले. ते टाकूनच द्यावे लागले. मडगार्डचा खर्च अर्थात माझ्या खिशातून. गॅरेजमधल्या पोरांनी मग मला वर्षभर फडकं दाखवून छळलं.

घर्षण फारच कमी असलं की काय होतं हे पाहायचं तर कुळ्याच्या रेल्वे स्टेशनला जा. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं हलकं फिरतं की गाडी ओढायला रस्त्याच्या तुलनेत फार थोडा जोर पुरतो. सपाटीवर हे वरदान. पण कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना चढ आहे ३७ ला १. ३,००० टनांची मालगाडी धरली तर नुसतं तिला मागे घरंगळू न देण्यासाठी ८१ टनांचा जोर हवा. १२० टनांचं इंजिन कोरड्या रुळावर फार तर ३६ टन देईल, मग त्याची मोटर कितीही ताकदीची असो. त्यापुढे चाकं जागीच फिरतात. म्हणून पुढे इंजिनं आणि मागूनही ढकलायला इंजिनं. आणि चाकांपुढे नळीतून वाळू सोडायची सोय. दूधसागराचे तुषार रुळावर आले की ती वाळू लागते.

आणि पाणी? पाण्यात स्थिर घर्षण नावाची गोष्टच नाही. धक्क्याला लागलेल्या फेरीबोटीला एका माणसाने दोर धरून सतत ओढलं तर ती हलतेच, फक्त हळू. रस्त्यावरची तेवढ्या वजनाची वस्तू हजार वर्षं ओढली तरी हलणार नाही. त्यामुळे बोट थांबवायची तर दोर खुंट्याला गुंडाळावा लागतो. तीन वेढे मारले की खलाशी एका हाताने टोक धरतो आणि दुसरीकडे शंभरपट ताण असला तरी दोर सरकत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या पकडीला गुणत जातो. पुन्हा घर्षणच, पण दोराचं.

तुमच्या टायरकडे परत येतो, कारण एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. ‘टायर नवे होते, मग घसरलो कसा’ असं तुम्ही विचारलंत. नवे होते हेही त्यातलं एक कारण असावं असं मला वाटतं. नव्या टायरची कातडी अगदी तुकतुकीत असते, साच्याच्या स्पर्शाची. ती खरवडली जाऊन रबर खडीला नीट धरायला शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं. टायरवाला हे सहसा सांगत नाही. त्यातही सरळ चालवून मधला पट्टाच खरवडला जातो. कडा टेकतात त्या गाडी कलल्यावर, म्हणजे वळणावर. आदल्या संध्याकाळी टायर घातले, सकाळी निघालात आणि कलून टेकायची पहिलीच खरी वेळ आली ती उतारावर, भुरभुरीत, ब्रेक दाबलेला असताना.

पडल्यापासून गाडी फार चालवली नसेल तर उजेडात पुढचा टायर बघा. मधला पट्टा करडा, मळका झालेला असेल. कडेचा बोटभर भाग अजून काळाभोर चकाकत असेल आणि त्यावर नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस तसेच उभे असतील. ज्या बाजूला पडलात त्या बाजूच्या कडेवर केस तुटून एक तिरका फराटा दिसतो का, तेवढं बघून मला कळवा.